ठोक्याच्या आधी

मिरजेला शफीकभाईंच्या दुकानात मी जुनं पॅड काउंटरवर ठेवलं, तेव्हा माझं अर्धं लक्ष वाद्यात होतं आणि अर्धं नवऱ्यावरच्या रागात. आदल्या दिवशी तालमीत धैर्यशील सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, "वृषाली, ईश्वरीचा शब्द पडतो आणि मग तुझा ठोका येतोय. मागं राहायलीस तू." मी मागं राहते! ह्या माणसाचा कीबोर्ड घाईला आला की आजवर कुणी आवरून धरला, ते मी तिथल्या तिथं विचारणार होते. पण ईश्वरी गालात हसली आणि मी काठ्या पिशवीत कोंबून बाहेर पडले.

आमचा 'झुळूक' ऑर्केस्ट्रा जयसिंगपूरचा. धैर्यशील कीबोर्ड वाजवतो, गातो, आणि मालकही तोच. मी ताल सांभाळते. ढोलकी, हलगी, संबळ, डफ, मोठा ढोल अशा सगळ्यांचे आवाज एका यंत्रात भरून ठेवलेले असतात. माझ्यासमोर रबराचे आठ चौकोन. ज्या चौकोनावर काठी मारीन, तो आवाज स्पीकरमधून निघतो. सहा वादकांचं काम मी एकटी करते आणि जेवण एकाचंच खाते, असं धैर्यशील पूर्वी कौतुकानं सांगायचा.

ईश्वरी पावसाळ्यात आली. कोल्हापूरची पोरगी, गळा चांगला आहे हे मी मान्य करते. दातही चांगले आहेत. गाताना ती ते धैर्यशीलला दाखवते आणि धैर्यशील पट्टी विसरतो. ती 'सर' म्हणाली की पन्नाशीला टेकलेला हा माणूस पोट आत घेतो. मी जळत होते, सरळ सांगते. रात्रंदिवस जळत होते.

"वहिनी, तुमच्या पॅडचं रबर दगड झालंय," शफीकभाई म्हणाले. "ह्याला आता सुट्टी द्या." आणि त्यांनी माझ्यासमोर चार वस्तू मांडल्या.

पहिलं नवीन पॅड. "हे मार खाणारं जनावर. टेम्पोतनं पडू दे, धुळीत लोळू दे, वाजणार." दुसरे चिमटे. ते खऱ्या ढोलकीच्या कडेला लावायचे. कातडं थरथरलं की चिमट्याला कळतं आणि यंत्र आवाज सोडतं. "पण यात्रेत स्पीकरची भिंत असते. तिच्या दणक्यानं ढोलकी आपोआप थरथरते आणि कुणी न मारता वाजत सुटते. तुमच्या कामाचं नाही." तिसरी बोटांनी दाबायच्या बटणांची पेटी, लॅपटॉपला जोडायची. ती बंद खोलीत बरी, उन्हात लॅपटॉप तापला की राम म्हणायचं.

चौथी वस्तू त्यांनी डबीतून काढली, तीही जरा नाखुशीनंच. काळा, रुंद, मनगटी घड्याळाच्या पट्ट्यासारखा पट्टा. आत चांदीसारखे बारीक ठिपके. पुण्याच्या कुठल्या नव्या कंपनीचा. नाव 'पूर्वनाद'.

"माझं ऐकाल तर पॅड घ्या," ते म्हणाले. "पट्टा हुशार आहे. जरा जास्तच हुशार आहे."

"ठोका उशिरा येतो म्हणतात माझा," मी म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"आहे एक जण."

शफीकभाईंनी मान हलवली. "तुमचा हात उशिरा नसतो, वहिनी. सगळं बिनतारी झाल्यापासून हीच तक्रार आहे. काठी पडते, पॅडला कळतं, यंत्र आवाज शोधतं, तो हवेतनं स्पीकरपर्यंत जातो. जरा जरा वेळ जातो आणि गाणाऱ्याला वाटतं वाजवणारा झोपलाय."

मग त्यांनी पट्ट्याचं शास्त्र सांगितलं, ते माझ्या शब्दांत सांगते. हात हलवायचा असं डोक्यात आलं की मेंदूकडून मज्जातंतूंतून हुकूम सुटतो. तो कोपराखालच्या स्नायूंत पोचला की तिथं बारीकशी वीज खेळते. त्यानंतर हात खरोखर हलून काठी टेकेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग तरी जातो. कोपराखाली बांधलेला पट्टा ती वीज कातडीवरूनच वाचतो आणि काठी पडायच्या आधी यंत्राला वर्दी देतो की हलगी येतेय, तयार राहा. वाटेतला सगळा उशीर तेवढ्यात उरकतो आणि काठी टेकते त्याच क्षणी आवाज निघतो. पॅडची गरजच नाही. हाताला सवय म्हणून समोर एक साधी फळी ठेवायची.

"म्हणजे आता मला कुणी मागं पडली म्हणणार नाही?"

"नाही म्हणणार. पण वहिनी, हा मारलेला ठोका वाजवत नाही. मारायचं मनात आलेला ठोका वाजवतो. फरक आहे."

मला फरक दिसत नव्हता. मला फक्त ईश्वरीचं गालातलं हसू दिसत होतं. मी पट्टा घेतला.

प्रत्येकाच्या हातातली वीज निराळी असते, म्हणून पट्टा आधी शिकवावा लागतो. पट्टा बांधून जुन्या पॅडवर वाजवायचं. कुठला आवाज हवाय ते पॅड सांगतं, हातात कुठली वीज खेळली ते पट्टा सांगतो, आणि यंत्र दोघांच्या जोड्या लावून घेतं. शिकून झालं की पॅड काढून टाकायचं. शफीकभाईंनी दोनदा बजावलं होतं, "एकट्यानं शिकवा. दार लावून, शांत बसून, एकेक आवाज."

पण ऑर्केस्ट्रावाल्यांत एकट्यानं बसून वाद्य लावायची पद्धतच नाही. वाद्य लावायचं ते गायकाला समोर उभं करून, अख्खं गाणं वाजवून. रिकाम्या खोलीत लागलेलं वाद्य कार्यक्रमात दगा देतं, हे आम्ही सगळे मानतो. म्हणून पट्टा शिकवायलाही पूर्ण तालीमच बसली. गाणं होतं धैर्यशीलनं स्वतः बांधलेलं, नवरा-बायकोच्या लाडिक भांडणाचं. बायकोचा भाग ईश्वरीचा. ध्रुपदावर परत येण्याआधी दोघं थांबतात, एकमेकांकडं बघतात, आणि त्या थांब्यानंतर मी मोठ्या ढोलाचा ठोका द्यायचा.

धैर्यशील थांबला की असा काही हसायचा तिच्याकडं, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बोटं काठीवर आवळली जायची, कोपरापर्यंत हात दगड व्हायचा, आणि मग मी ढोलावर जो ठोका हाणायची त्यानं खोलीच्या काचा वाजायच्या. दुपारभर हेच चाललं होतं. यंत्र बिचारं इमानदारीनं शिकत होतं. हात असा आवळला म्हणजे ढोल, ही जोडी त्यानं पक्की केली.

पहिला कार्यक्रम शिरोळ तालुक्यातल्या एका यात्रेत, संध्याकाळी उजेडीच सुरू झाला. पट्टा खरंच अफलातून होता. ढोलकी अशी चोख पडत होती की धैर्यशीलनं मान वळवून अंगठा दाखवला. मी ईश्वरीकडं बघितलं, कोण मागं आहे ते आता बघ म्हणावं. मग ते भांडणाचं गाणं आलं.

पहिला थांबा. धैर्यशील हसला. ईश्वरी लाजली. माझ्या दोन्ही काठ्या हवेत होत्या, मी काहीही मारलं नव्हतं, आणि भर शांततेत सगळ्या मैदानावर आवाज झाला, 'धम्म'.

धैर्यशील दचकला. मी काठ्यांकडं बघितलं. ठोक्याला अजून वेळ होता. पुढच्या थांब्याला मी हात मांडीवर ठेवून बसले. तो हसला आणि पुन्हा 'धम्म'. तो तिच्याकडं एक पाऊल सरकला, 'धम्म धम्म'. तेव्हा मला कळलं, पट्टा माझं जळणं वाजवत होता. मी दात आवळून हात सैल सोडायचा प्रयत्न केला, त्यानं उलट आणखी एक वाजला.

आधी पुढच्या बायकांना उमगलं. त्यांच्यातली एक आजी उभी राहून माझ्याकडं बोट करत ओरडली, "अगं ती बघा, ती बायको हाय त्याची! जळतीया बाई!"

मैदान हसत सुटलं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. धैर्यशीलला गंमत समजली, त्यानं मुद्दाम ईश्वरीकडं बघून डोळा मिचकावला, ढोल वाजला, आणि लोक खुर्च्यांवर चढले. त्या गाण्याला तिथं तीनदा वन्समोर मिळाला. मी पट्टा ओरबाडून काढायला हवा होता. पण गाण्याच्या मध्यात ताल सोडायचा नाही हे माझ्या हाडात आहे, म्हणून मी वाजवत राहिले आणि लाजेनं मेले.

घरी येताना टेम्पोत मी म्हणाले, "अहो, उद्या मी पट्टा नव्यानं शिकवते. एकटी बसून."

लग्नाआधी मी त्याला 'अरे' म्हणायचे. लग्नानंतर सासूबाईंच्या धाकानं 'अहो' झालं. भांडणात मात्र अजून 'अरे'च निघतं.

"वेडी का काय?" तो म्हणाला. "तीन गावांची माणसं मला येऊन भेटली. सगळ्यांना तेच गाणं पाहिजे."

"अरे, माझी अब्रू गेली तिथं!"

"अब्रू कसली? कॉमेडी झाली. बघ की वृषा, तुझं जळणं नुसतं वाया जायचं घरात. आता निदान कामाला तरी यायलंय." आणि तो स्वतःच्या विनोदावर हसला. माझ्या हाताला पट्टा नव्हता, नाहीतर टेम्पोचा पत्रा फाटला असता.

त्या हंगामात 'झुळूक'चं नाव झालं. लोक फोनवर गाण्याचं नावही विचारत नसत, "ते जळक्या बायकोचं आहे ना?" म्हणत. धैर्यशीलनं बॅनरवर माझा फोटो मोठा केला. तालवादक म्हणून इतकी वर्षं माझा फोटो कोपऱ्यातच असायचा, आता मधोमध आला, कपाळावर आठ्या घातलेला. दुसऱ्या ऑर्केस्ट्रावाल्यांनीही पट्टे आणले. पण त्यांनी ते नीट, शांतपणे शिकवले होते, त्यामुळे त्यांच्या बायकांचं मन काही वाजेना. मुद्दाम अभिनय करून वाजवलेला ढोल लोकांना लगेच ओळखू यायचा.

मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला सांगू? तो हे ठोक्यासाठी करतो, हे मला ठाऊक होतं. तरी हात आवळायचाच. स्टेजवर जायच्या आधी मी स्वतःला समजवायची की हे नाटक आहे, त्याला टाळ्या पाहिजेत, पोरगी नाही. तो तिच्याकडं वळला की ते सगळं शहाणपण पातळ व्हायचं आणि ढोल वाजायचा. रोज हजारो माणसांसमोर माझं पोटातलं दुखणं मोठ्या स्पीकरवर लागत होतं. आणि ठोका आला की धैर्यशीलचा चेहरा फुलायचा. माझ्याकडं वळून मात्र तो बघायचा नाही, बघायची गरजच नव्हती. मी अजून तिथंच आहे हे त्याला ऐकू यायचं.

तो एकदा वळून बघेल, एवढंच मला हवं होतं. पूर्वी वाजवताना अधूनमधून बघायचा. त्या बघण्यावर मी लग्न केलं होतं.

एकदा मेकअपच्या खोलीत ईश्वरी माझ्याशेजारी येऊन बसली. मी आरशात बघत राहिले.

"वहिनी, मला जमत नाही आता हे," ती म्हणाली.

"काय जमत नाही? हसायला जमतंय की चांगलं."

"सर माझ्याकडं बघून हसतात ना, तेव्हा ते माझ्याकडं बघतच नसतात. कान तुमच्या ढोलाकडं असतो. ढोल मोठा आला की खुश, बारीक आला की मला म्हणतात, जरा जवळ ये. मला कसंतरी होतं. माझं लग्न ठरलंय सांगलीत, त्यांच्या घरचे येणार आहेत पुढच्या कार्यक्रमाला."

मी तिच्याकडं वळून बघितलं. भुवया नीट कोरलेली, घाबरलेली पोरगी होती. हिच्यावर मी इतके महिने जळत होते! मला हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण दुसऱ्या मिनिटाला वाटलं, मग हा माणूस नक्की कुणाचा आहे? हिचाही नाही आणि माझाही नाही.

"तू लांब उभी राहा," मी तिला म्हणाले. "बाकी मी बघते."

पुढचा कार्यक्रम साखर कारखान्याच्या महिला मेळाव्याचा होता, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला जोडून, भर दुपारी. मांडव बायकांनी गच्च भरला होता. सगळ्यांना आमचं गाणं ठाऊक होतं, वाण घेतानाही बायका माझ्याकडं बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. ईश्वरीच्या सासरची माणसं तिसऱ्या रांगेत होती.

स्टेजच्या मागं मी पट्टा बांधत होते. धैर्यशील आला. जाकिटाची बटणं लावत, घाईत म्हणाला, "आज शेवटच्या थांब्याला मी ईश्वरीच्या खांद्यावर हात ठेवतो. ठोका जोरात यायला पाहिजे. आमदारबाई आल्यात."

"तिचे सासरचे आलेत, अहो."

"असू देत की. एवढ्यानं काय होतंय? तू फक्त नेहमीसारखी जळ."

पुढं जाऊन त्यानं साउंडवाल्याला विचारलं, "ढोलाची लेव्हल वाढवलीस ना?" त्याच आवाजात. मीठ आहे का, पाणी आहे का, तसं.

मला वाटलं होतं की आता माझा भडका उडेल. मी वाट बघितली. काही झालं नाही. पट्ट्याचा हिरवा दिवा लागलेला होता. मी वर गेले आणि काठ्या हातात घेतल्या.

कार्यक्रम छान चालला. ढोलकी, हलगी, संबळ, सगळं चोख पडत होतं. मग ते गाणं सुरू झालं आणि बायकांनी आधीच टाळ्यांचा गजर केला. पहिल्या थांब्याला धैर्यशील हसला. मांडव श्वास रोखून थांबला.

आवाज आला नाही.

लोकांना वाटलं, मुद्दाम लांबवलंय. एक-दोघी हसल्या. ईश्वरीनं प्रसंग ओळखून पुढची ओळ घेतली, मी खालून ढोलकी धरली, ती बरोबर वाजली. दुसऱ्या थांब्याला धैर्यशीलनं डोळा मिचकावला. शांतता. तो एक पाऊल सरकला. शांतता. मी माझ्या हाताकडं बघत होते. तो फळीवर सैल पडला होता, धुणं वाळत घालून बसलेल्या बाईचा असतो तसा. मी त्याला आवरत नव्हते. खरं सांगते, मी मनात म्हणत होते, आवळ बाई, कार्यक्रम आहे.

शेवटचा थांबा. धैर्यशीलनं ईश्वरीच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं मान खाली घातली. भरल्या मांडवात कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, तेवढाच आवाज.

तेव्हा तो वळला. कीबोर्डवर एक हात, दुसरा ईश्वरीच्या खांद्यावरून खाली आलेला, आणि तो माझ्याकडं बघत होता. एकटक, पापणी न लववता, घाबरून. किती महिने ह्या बघण्याची मी वाट बघत होते! आता ते समोर होतं आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. माइकपासून तोंड बाजूला घेऊन तो पुटपुटला, "वृषा, ठोका."

काठी हातात होती. साधा हुकूम दिला असता तर हातानं ढोल वाजवला असता आणि लोकांनी टाळ्या पिटल्या असत्या. मी दिला नाही. मी ईश्वरीला मानेनं खूण केली, ध्रुपद घे. तिनं घेतलं, मोकळ्या गळ्यानं, पहिल्यांदाच कुणाकडंही न बघता. मी तिला ठेका दिला. सरळ, साधा, वेळेवर.

गाणं संपल्यावर मांडवात कुजबुज चालली होती. धैर्यशीलनं मला स्टेजमागं गाठलं आणि माझा हात धरून पट्टा उलटापालटा केला. "बॅटरी गेली काय?"

"बाकीचं सगळं वाजलं की."

त्यानं तिथूनच शफीकभाईंना फोन लावला, स्पीकरवर. काय झालं ते सांगितलं. मग शफीकभाई म्हणाले, "हलगी वाजतेय, संबळ वाजतोय, म्हणजे पट्टा ठणठणीत आहे, धैर्यशीलराव. त्याला जे मिळतं ते तो वाजवतो. नाही मिळालं तर कुठून वाजवणार?"

फोन बंद झाला. धैर्यशील माझ्याकडं बघत उभा राहिला. मला वाटलं, आता ह्याला कळलं. आता तो विचारेल की वृषा, काय झालं तुला. तसं विचारलं असतं तर मी तिथं तिळगुळाच्या डब्यावर बसून रडले असते, आणि कदाचित सगळं पुन्हा सुरूही झालं असतं.

त्यानं आवाज खाली आणला.

"कोण आहे?" तो म्हणाला.

"कोण म्हणजे?"

"उगाच वेड पांघरू नकोस. कुणाच्या नादाला लागलीयस? तो साउंडवाला का मिरजेचा तो शफीक?"

मला हसू आलं. मी पट्टा सोडवून डबीत ठेवला. धैर्यशीलचा जबडा आवळला होता, उजवी मूठ मांडीशी वळलेली होती, कोपरापर्यंत शिरा ताठ झाल्या होत्या. पण त्याच्या हाताला पट्टा नव्हता, त्यामुळे मांडवात कुणालाच काही ऐकू गेलं नाही.